सातबारा कोरा आहे; माती कोरी आहे का?

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला असो की शेजारच्या कुठल्या गावात, जमीन घेताना विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. सातबारा कुणाच्या नावावर? बोजा आहे का? वाट आहे का? विहिरीला पाणी किती परसावर? उत्तरं मनासारखी मिळाली की इसार दिला जातो. त्या जमिनीवर आजवर काय ओतलं गेलं, तिच्यात काय पुरलं गेलं, विहिरीत काय झिरपलं, हे मात्र विचारलं जात नाही. या न विचारलेल्या प्रश्नावर मामा आणि भाची यांच्यातला हा संवाद आहे. मामांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं. भाची पर्यावरणशास्त्र शिकून पाणी-माती तपासणीच्या कामात आहे. दोन्ही पात्रं कल्पित आहेत, पण त्यांचा वाद घरोघरी होण्यासारखा आहे आणि त्यात आलेले कायदे व आकडे खरे आहेत.

मामा : बाई, व्यवहार ठरल्यात जमा आहे. गावाला लागून दोन एकर काळी, विहीर, बारमाही वाट. सातबारा कोरा. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च काढला, बांधाचा वाद नाही की कोर्टात दावा नाही. आता इसार द्यायच्या दिवशी तू म्हणतेस थांबा. कशासाठी थांबायचं?

भाची : व्यवहार मोडा असं मी म्हणत नाही मामा. पंधरा दिवस द्या. 30 वर्षांच्या सर्चमधून काय कळलं? जमीन कुणाकुणाच्या नावावर होती, कुणी गहाण ठेवली, कुणाचा हक्क लागला. त्याच 30 वर्षांत तिच्यात काय गेलं, याची त्यात एक ओळही नाही. मालकीचा एवढा शोध घेतला, मग मातीचाही थोडा घेऊ.

मामा : जमिनीत काय जाणार? शेणखत, युरिया, डीएपी. आपल्याकडं काय वापी-अंकलेश्वर आहे का, की डोंबिवली? प्रदूषण हे शहराचं आणि एमआयडीसीचं दुखणं. इथं सोयाबीन, तूर, पाणी असलं तर ऊस. कारखान्याच्या धुराड्याखालची जमीन असती तर तुझं ऐकलं असतं.

भाची : शहरांचं दुखणं मोठं आहे हे खरंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. आपल्या राज्यात चंद्रपूर 83.88 वर होतं, डोंबिवली 78.41 वर, आणि मराठवाड्यातलं औरंगाबाद 77.44 वर. पण ती मोजणी औद्योगिक क्षेत्रांचीच होती. खेडं तिथं मोजलंच नव्हतं, म्हणून ते यादीत दिसत नाही. न मोजलेली जमीन स्वच्छच असते, असं कसं धरायचं?

मामा : मग तूच सांग, आपल्या शिवारात घाण कुठून येईल?

भाची : चार वाटा सांगते. पहिली, मळीचं पाणी. मांजरेच्या खोऱ्यात ऊस आहे, ऊस आहे तिथं साखर कारखाने आणि काही कारखान्यांना जोडून डिस्टिलरी. दुसरी, राख. परळीचं औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, ते 1971 पासून चालू आहे. तिथली राख वीटभट्ट्यांना जाते, खड्डे बुजवायला जाते. तिसरी वाट शेतातलीच, खतं आणि औषधं. आणि चौथी, भराव. जुनी खदान, पडकी विहीर, सखल कोपरा कशानं भरला, हे वरून मुरूम टाकल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही.

मामा : मळीच्या पाण्याचं नाव काढू नकोस. लोक ते टँकरनं मागून घेत होते. पहिल्या वर्षी ऊस असा काळाभोर हिरवा आला की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा.

भाची : आला असणार. त्या पाण्यात पालाश भरपूर असतं, सेंद्रिय पदार्थ असतात. भरपूर पाण्यात मिसळून, मापात, पेरणीच्या आधी दिलं तर जमिनीला उपयोगच होतो. पण डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे हेच मळीचं पाणी, निघतो. गडद तपकिरी, आंबट, सामू 4 च्या आसपास. त्यातल्या घाणीचं माप, ज्याला बीओडी म्हणतात, लिटरला 40 ते 50 हजार मिलीग्रॅमपर्यंत असतं. आणि शेतीला सोडायच्या सांडपाण्यासाठी मर्यादा आहे 100 मिलीग्रॅमची. एकदा मापात दिलेलं पाणी वेगळं. वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात ओतलेलं किंवा कच्च्या खड्ड्यात साठवलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकारात क्षार साचतात, माती घट्ट होते, आणि रंग विहिरीत उतरतो.

मामा : काळी माती पाणी धरून ठेवते. खाली जाऊ देत नाही. आमचा अनुभव आहे.

भाची : ओली असताना धरते. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हाही तुमचाच अनुभव. वळवाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ मुरमात जातो. मुरमाखाली आपला काळा पाषाण. त्याच्यात पाणी वाळूसारखं सगळीकडून झिरपत नाही, फुटीतून आणि सांध्यांतून धावतं. म्हणून एका विहिरीचं पाणी चांगलं निघतं आणि दोन बांध ओलांडून दुसरी बिघडलेली असते. शेजाऱ्याची विहीर गोडी आहे म्हणून आपलीही असेल, हा हिशेब आपल्या खडकात चालत नाही.

मामा : हे पटलं. पण पोरी, पाणी ओळखायला आम्हाला प्रयोगशाळा लागत नव्हती. ओंजळभर तोंडात घेतलं की कळायचं, मचूळ आहे, खारं आहे, जड आहे. डाळ शिजते का नाही, साबणाला फेस येतो का नाही, बायका एका दिवसात सांगायच्या. जमिनीचंही तसंच. उन्हाळ्यात वर पांढरी खार फुटली की समजायचं. नांगरामागं बगळे उतरले म्हणजे मातीत जीव आहे. जनावर आपणहून एखाद्या डबक्याला तोंड लावीना, की त्या पाण्यात काहीतरी आहे.

भाची : यातली एकही गोष्ट मी खोडणार नाही. तुमची पांढरी खार म्हणजे आमच्या अहवालातली विद्युत वाहकता. ती 1 डेसीसायमनच्या आत असली तर ठीक. त्यापुढं गेली की संवेदनशील पिकांची उगवण मार खायला लागते. तुमच्या जिभेला जे खारं लागतं तेच आम्ही विरघळलेल्या क्षारांच्या आकड्यात लिहितो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 500 मिलीग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. जिथं चव, रंग, वास आहे तिथं तुमचा अनुभव पुरतो. पण नायट्रेटला चव नाही. फ्लोराइडला रंग नाही. शिशाला, आर्सेनिकला वास नाही. भारतीय मानकानं नायट्रेटची मर्यादा 45 मिलीग्रॅम ठेवलीय. त्याच्या दुप्पट असलेलं पाणी तुमच्या जिभेला गोडच लागेल, आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते कमी करील. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

मामा : फ्लोराइड तर खडकातच आहे म्हणतात. त्यात कुणाचा दोष?

भाची : कुणाचाच नाही. बीड जिल्ह्यात फ्लोराइडची गावं आहेत आणि ते खडकातूनच येतं. खोल बोअरच्या पाण्यात त्याची शक्यता जास्त. मर्यादा 1 मिलीग्रॅम, दुसरा पर्याय नसेल तर 1.5. दोष कुणाचा हा प्रश्न नंतरचा. त्या शेतात तुम्ही घर बांधणार, सालगड्याचं कुटुंब तिथं राहणार, लेकरं ते पाणी पिणार. ते कळायला नको का?

मामा : आणि औषधांचं काय म्हणत होतीस?

भाची : बीएचसीची पावडर आठवते?

मामा : न आठवायला काय झालं! फडक्यात बांधून पिकावर धुरळायचो. धान्याच्या कणगीलाही लावायचे लोक.

भाची : 1997 साली तिच्यावर देशात बंदी आली. शेतीत डीडीटी वापरायला 1989 सालीच बंदी झाली होती. ही औषधं मातीत लवकर मोडत नाहीत, म्हणूनच बंदी आली. सगळ्या रानात जे धुरळलं ते पसरून विरळ झालं असेल. मला भीती आहे ती औषधं कालवायच्या जागेची. विहिरीच्या थारोळ्याजवळ, कोठ्याच्या मागं, जिथं पंप भरले, धुतले आणि रिकामे डबे पुरले. दोन एकरांत ती जागा खाटेएवढी असते, पण नेमकी विहिरीला लागून असते.

मामा : बरं, मानलं. तरी मला एक सांग, ही सगळी उठाठेव विकत घेणाऱ्यानंच का करायची? घाण करणारा मोकळा, आणि बाटल्या घेऊन मी फिरायचं?

भाची : हा प्रश्न अमेरिकेत मोठी किंमत मोजून सुटला. नायगारा फॉल्स गावात लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. एका रसायन कंपनीनं 1942 पासून दहाएक वर्षं त्यात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि 1953 साली ती जमीन गावच्या शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात लिहिलं होतं की खाली रसायनं आहेत आणि पुढं काही झालं तर जबाबदारी आमची नाही. मंडळानं सही केली, शाळा बांधली, भोवती घरं उठली. 1978 मध्ये तिथं आणीबाणी जाहीर करून लोकांना घरं सोडायला लावावी लागली. 1980 साली कायदा झाला, की जमीन साफ करायचा खर्च घाण करणाऱ्यावर पडेल, आणि न बघता जमीन घेणाऱ्या मालकावरही पडू शकेल. पुढं त्यात दुरुस्ती झाली, की खरेदीपूर्वी नीट चौकशी केल्याचं दाखवता आलं तर सुटका. तेव्हापासून तिथं मोठ्या व्यवहारात मातीची चौकशी ही वहिवाट झाली.

मामा : तो देश वेगळा. आपल्याकडं कायदा काय म्हणतो?

भाची : 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 55. जमिनीतला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साध्या काळजीनं त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे. यात दोन गोष्टी आहेत. विकणाऱ्याला माहीत होतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. आणि तुम्ही साधी काळजी घेतली होती का, हा प्रश्न उलटून तुमच्यावर येतो. काठावर काळ्या पाण्याचा खड्डा दिसत असताना तुम्ही विचारलंच नाही, तर उद्या कोणत्या तोंडानं तक्रार करणार?

मामा : आणि घाण करणारा?

भाची : त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं खेडं. तिथल्या कारखान्यांनी 1987 च्या सुमारास एच-ॲसिड नावाचं रसायन केलं आणि सुमारे 2,440 टन विषारी गाळ उघड्यावर टाकला. पावसानं तो जमिनीत मुरला. विहिरींचं पाणी गडद झालं, प्यायलाही गेलं आणि शेतीलाही. न्यायालयानं सांगितलं, ज्यानं बिघडवलं त्यानं दुरुस्त करायचं. निकाल ऐतिहासिक आहे. पण पैसे भरायला टाळाटाळ चालू राहिली आणि 2011 मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला.

मामा : म्हणजे विहिरी बिघडल्यापासून वीस वर्षं उलटून गेली. तोवर शेतकऱ्याची एक पिढी म्हातारी झाली. असल्या कायद्याच्या भरवशावर कोण बसेल?

भाची : म्हणूनच खरेदीआधी बघायचं, मामा. न्याय मिळतो, पण तोपर्यंत पाणी तेच प्यावं लागतं. आता 2025 च्या जुलैत केंद्रानं प्रदूषित जागांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र नियम केले. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांचा सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा, राज्य मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि खर्च घाण करणाऱ्याकडून घ्यायचा. चांगली गोष्ट आहे. पण हे नियम आले तेव्हा देशभरात नोंदलेल्या प्रदूषित जागा होत्या 103 आणि साफसफाई सुरू झाली होती फक्त 7 ठिकाणी. गावच्या कचऱ्याचे ढीग तर या नियमांत धरलेलेच नाहीत.

मामा : आता माझं मुख्य म्हणणं ऐक. जमीन विकणारा कोण आहे? दोन लेकींची लग्नं, दवाखान्याचं कर्ज, आणि घरातली अर्धी माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी. त्यानं काही ओतलं नाही. मी बाटली घेऊन त्याच्या विहिरीवर उभा राहिलो की संध्याकाळपर्यंत गावभर होईल, "त्याच्या पाण्यात विष आहे." अहवाल चांगला आला तरी जमिनीचा भाव पडेल. दोष दुसऱ्याचा आणि शिक्षा या माणसाला. तुझ्या शास्त्रात याचं उत्तर आहे का?

भाची : शास्त्रात नाही, वागण्यात आहे. हे तुम्ही बोललात ते मला पूर्ण मान्य आहे. तपासणीचा अहवाल हे भाव पाडायचं हत्यार झालं तर तो अन्यायच. म्हणून तीन गोष्टी पाळायच्या. तपासणी त्याच्या परवानगीनं आणि त्याच्यासमोर करायची. खर्च आपण करायचा. आणि अहवालाची एक प्रत त्याच्या हातात द्यायची, व्यवहार होवो न होवो. अहवाल स्वच्छ आला तर तो त्याचा पुरावा; पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येईल. आणि वाईट आला, घाण शेजारच्या कुणाची आहे असं दिसलं, तर तोच कागद घेऊन तो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडं भरपाई मागू शकतो. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, दाव्याला मुदत 5 वर्षांची. आज त्याच्याकडं असा कागदच नाही, म्हणून त्याला कुणी दाद देत नाही.

मामा : आणि पाणी वाईट निघालं तर शेजारीपाजारी?

भाची : ग्रामपंचायतीला कळवायचंच. खाली वाहणारं पाणी बांध बघत नाही. आपण व्यवहारातून अंग काढून घ्यायचं आणि शेजारच्या वस्तीला तेच पाणी पिऊ द्यायचं, हे पाप आहे.

मामा : ठीक. आता कामाचं बोल. पंधरा दिवसांत तू करणार काय?

भाची : पहिल्या आठवड्यात एक रुपयाही प्रयोगशाळेला द्यायचा नाही. सातबाऱ्यातला बाराचा नमुना काढायचा, मागच्या जितक्या वर्षांचा मिळेल तितक्या. पीकपेरा वाचायचा. आजूबाजूला ऊस उभा असताना याच गटात सलग चार वर्षं "पड" लिहिलं असेल तर का, हे विचारायचं. बारमाही बागायत एकदम जिरायत झाली असेल तर विहिरीला काय झालं, हे विचारायचं. मग गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं बघायची. खड्डा, भट्टी, राखेचा ढीग, काळं डबकं, जे आज बुजलंय ते तिथं दिसतं.

मामा : आणि माणसं?

भाची : ते काम तुमचं. या शिवारात राबलेला जुना सालगडी, ट्रॅक्टरवाला, बोअर मारणारा, यांना जे ठाऊक असतं ते कुठल्या दप्तरात नसतं. "इथं टँकर यायचे का? हा कोपरा पूर्वी खोल होता का? भराव कशाचा? कोणत्या वर्षी जनावरं दगावली?" हे मी विचारलं तर कुणी सांगणार नाही. तुम्ही पारावर बसून विचारलं तर तासाभरात कळेल. बैल घेताना तुम्ही दात मोजता, चालवून बघता, खांदा चाचपता. मालकाच्या शब्दावर दावं हातात घेत नाही. जमिनीशी तसंच वागा, एवढंच मागते.

मामा : पुढं नमुने. ते मला येतं. कृषी सहायकानं शिकवलंय. नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची माती, सगळी गोणपाटावर एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची. कापडी पिशवीत, आत चिठ्ठी. बांधाजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती घ्यायची नाही.

भाची : खताची मात्रा ठरवायला हे अगदी बरोबर. पण आपल्या कामाला हीच रीत उलटी पडते. दहा ठिकाणची माती एकत्र केली की खाटेएवढ्या जागेतलं विष नऊ चांगल्या ठिकाणांत मिसळून आकड्यातून नाहीसं होतं. शिवाय तुम्ही ज्या जागा टाळता त्याच मला हव्यात. औषधं कालवायची जागा, बुजवलेला कोपरा, जिथं पीक दरवर्षी पिवळं पडतं ती सरी. तिथली माती वेगवेगळी घ्यायची, वरच्या थराची वेगळी, हातभर खालची वेगळी. आणि तुलनेसाठी एक नमुना चांगल्या जागेचा. दुसरी गोष्ट, मातीपरीक्षणाच्या नेहमीच्या पत्रिकेत सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश येतं. शिसं, क्रोमियम, आर्सेनिक, कीटकनाशकांचे अंश त्यात नसतात. ते हवे असतील तर अर्जात नावानिशी लिहावं लागतं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. पत्रिकेत "जमीन चांगली" आलं म्हणजे विष नाही असं नव्हे. विष तपासलंच नव्हतं.

मामा : मग सगळंच तपासायचं म्हणलं तर खर्च डोक्यावर जाईल.

भाची : सगळं कधीच तपासायचं नाही. पहिल्या आठवड्यात जे कळलं त्यावरून ठरवायचं. राखेचा भराव निघाला तर धातू. मळीचं पाणी आलं असेल तर क्षार, सामू, पालाश आणि विहिरीचा रंग. जुना पेट्रोल पंप किंवा गॅरेज असेल तर तेलाचे अंश. काहीच संशय नसेल तर फक्त पाणी. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं शिक्षण द्यायचं ठरलं. नायट्रेट आणि फ्लोराइडचा पहिला अंदाज त्या किटवर गावातच लागतो. नक्की आकड्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. नमुना घेताना मोटार थोडा वेळ चालू द्यायची, पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, मग भरायची. बाटलीवर गट नंबर, तारीख, वेळ. कोल्ड्रिंकची जुनी बाटली चालणार नाही.

मामा : आणि या पंधरा दिवसांत दुसरं गिऱ्हाईक येऊन इसार देऊन गेलं तर?

भाची : तशी भीती असेल तर इसार द्या, खरेदीखत तेवढं थांबवा. फक्त इसारपावतीत तीन वाक्यं वाढवा. एक, या जमिनीवर कारखान्याचं सांडपाणी, राख, रसायनं किंवा बाहेरचा कचरा टाकल्याचं विकणाऱ्याला माहीत असेल तर ते इथं लिहिलं आहे. माहीत नसेल तर तसं लिहिलं आहे. दोन, अमुक दिवसांत दोघांच्या समोर पाणी आणि माती तपासली जाईल. तीन, अहवालात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दोष निघाला तर इसार परत, कुणाचा कुणावर राग नाही. वकिलाला हे कायद्याच्या भाषेत बसवायला वेळ लागत नाही.

मामा : चौथं वाक्य माझं घाल. अहवालाचा बहाणा करून ठरलेला भाव कुणी खाली ओढणार नाही. घ्यायची तर ठरल्या भावानं, नाहीतर इसार परत. गरिबाची जमीन बाटलीभर पाणी दाखवून स्वस्तात लाटणारे मी बघितलेत. तुझी रीत चांगल्या माणसाच्या हातात चांगली, वाईटाच्या हातात वाईट.

भाची : घालू या. या वाक्याशिवाय बाकीची तीन अपुरी होती.

मामा : एवढं झालं तर माझी हरकत नाही. पण प्रत्येकानं आपापलं तपासत बसण्यापेक्षा गावाच्या नकाशावरच हे लिहिलेलं असावं. कुठं काय ओतलं, कुठली विहीर कशी. सातबाऱ्यावर झाडं लिहितात, बोअर लिहितात, हेही लिहा.

भाची : हेच सगळ्यात मोलाचं, मामा. ते होईपर्यंत आपला अहवाल ग्रामपंचायतीत एक प्रत म्हणून तरी ठेवू.

मामा आणि भाचीचं पूर्ण एकमत झालं नाही, आणि व्हायची गरजही नव्हती. मामांची शंका राहणारच, की गरिबाच्या जमिनीवर याचा भार पडेल. भाचीचा आग्रह राहणार, की न बघता सही करू नये. दोघांचं म्हणणं एकत्र धरलं तरच व्यवहार सचोटीचा होतो. माझं मत स्पष्ट आहे. मालकीचा 30 वर्षांचा शोध घेणाऱ्या समाजानं मातीचा पंधरा दिवसांचाही शोध घेऊ नये, हे आपल्याला शोभत नाही. जमीन नावावर होते ती एका माणसाच्या, पण तिचं पाणी पितात शेजारची दहा घरं आणि येणाऱ्या पिढ्या.

म्हणून जमीन घेणाऱ्यांना विनंती : सर्च रिपोर्टच्या फाइलीत पाणी आणि मातीच्या अहवालाला जागा करा. विकणाऱ्यांना विनंती : माहीत असेल ते सांगा, त्यानं किंमत जाईल पण मान राहील. कर्ज देणाऱ्या बँकांना विनंती : मालकीच्या शोधासोबत हा अहवालही मागा. आणि ग्रामसभांना विनंती : आपल्या शिवारात कुठल्या गटात काय टाकलं गेलं, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं अजून आहेत, तोवर त्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या.